समुद्रातल्या ऊर्जा प्रकल्पांवर कॉस्ट ॲनालिस्ट: काम नेमकं काय असतं?

मीठपाणी

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं जमिनीवरच्या कारखाना-उभारणीत खर्च बघते आहे. पर्चेस ऑर्डर, बिलं, महिनाअखेरीचा ताळमेळ हे सगळं सवयीचं झालंय. आता समुद्रातल्या पवनऊर्जा प्रकल्पावर कॉस्ट ॲनालिस्टच्या जागेसाठी मुलाखती चालू आहेत. पहिली फेरी चांगली गेली. दुसऱ्या फेरीत समोरच्या बाईंनी विचारलं, "क्रेनचं जहाज साइटवर उभं आहे, काम बंद आहे. त्या दिवसाचा खर्च कुठे टाकाल?"

मी म्हटलं, जहाजाच्या भाड्यात. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. उत्तर कमी पडलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, पण काय कमी पडलं ते अजून कळलेलं नाही.

तिसरी फेरी पुढच्या आठवड्यात आहे. या क्षेत्रात काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा: रोजचं काम काय असतं, इंजिनिअर नसलेल्या माणसाला ते जमतं का, समुद्रावर जावं लागतं का, आणि नोकरी टिकते का? मला हे काम मनापासून करायचंय, म्हणून विचारते.

लंगर

मीठपाणी, उत्तर चूक नव्हतं, अर्धं होतं. जहाजावर राहिलेलं कुणीतरी त्यावर लिहील. माझी बाजू ऑफिसातली. पंधरा वर्षं झाली, आधी तेल-वायूचे प्लॅटफॉर्म, आता पवनऊर्जा.

आपल्या तक्त्यात रकाने कितीही असले तरी मुख्य चार. मंजूर बजेट. कमिटमेंट, म्हणजे सह्या झालेल्या करारांची रक्कम. आजवर झालेल्या कामाची किंमत. आणि प्रकल्प संपेल तेव्हा एकूण किती होईल तो आकडा. पहिल्या तिघांसाठी अकाउंट्सवाले आहेत, सिस्टिम आहे. चौथ्या रकान्यासाठी तुम्हाला पगार देतात.

जमिनीवरून आलेली माणसं बहुतेक तिसऱ्या रकान्यात अडकतात. झालेलं काम आणि आलेली बिलं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे त्यांच्यातलं अंतर फार मोठं असतं. समजा जॅकेटच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मखालच्या पोलादी सांगाड्याच्या, करारात पोलाद यार्डात पोहोचल्यावर ३० टक्के द्यायचे ठरलंय. बिल आलं, पैसे गेले, आणि वेल्डिंगचा एक टाकासुद्धा पडलेला नाही. जहाजाचं याच्या उलट. बिल दीड-दोन महिन्यांनी येतं, पण खर्च मात्र रोज रात्री बारा वाजता चोवीस तासांनी पुढे गेलेला असतो. म्हणून महिनाअखेरीला बिलाची वाट न बघता प्रत्यक्ष काम मोजून ॲक्रुअल, म्हणजे झालेल्या पण बिल न आलेल्या कामाचा खर्च, धरायचा.

हे मी शिकलो ते तिसऱ्या प्रकल्पावर, आणि महागात शिकलो. टॉपसाइडच्या (प्लॅटफॉर्मच्या वरच्या भागाच्या) पाइपिंगचा खर्च पाच महिने बजेटच्या आत दिसत होता. यार्डाची बिलं उशिरा येत होती आणि मी बिलांवरूनच ॲक्रुअल धरत होतो. सहाव्या महिन्यात पहिल्यांदा यार्डात गेलो. पाइपरॅकखाली उभा राहून वर बघितलं. स्पूल (पाइपचे तयार तुकडे) सगळे जागेवर चढलेले, पण फ्लँजला (पाइपच्या जोडाच्या कडीला) बोल्ट दोन-दोनच, आणि जिकडे बघावं तिकडे हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) बाकी असल्याच्या पिवळ्या चिठ्ठ्या वाऱ्यावर फडफडत होत्या. प्रगती अहवालात मात्र ८१ टक्के! का, तर स्पूल वर चढला की त्याचे ८० टक्के मोजायचे असं मोजमापाच्या कोष्टकात ठरलेलं. उरलेल्या विसात बोल्ट आवळणं, टेस्ट, इन्सुलेशन, रंग, सगळं कोंबलेलं. मनुष्यतास मोजले तर जवळजवळ निम्मं काम बाकी होतं आणि टॉपसाइड बार्जवर चढवायला नऊ आठवडे राहिले होते.

ते काम समुद्रात गेलं. जहाजबांधणीत एक जुना ठोकताळा आहे: जे काम वर्कशॉपमध्ये एका तासात होतं, त्याला जुळणीच्या टप्प्यावर तीन तास लागतात आणि जहाज पाण्यात उतरल्यावर आठ. भर समुद्रात त्याहून वाईट, कारण तिथे तास विकत घ्यायला आधी बिछाना लागतो. प्लॅटफॉर्मवर झोपायची सोय जितक्यांची, तितकीच माणसं. वेल्डर पाठवायचा तर कुणाला तरी परत आणावं लागतं. बिछाने संपले की राहण्यासाठी वेगळं जहाज शेजारी आणून उभं करायचं, आणि त्याचं भाडंही रोजचंच.

त्या प्रकल्पापासून मी महिन्यातून एकदा तरी यार्डात जातोच. तुम्ही इंजिनिअर नाही याची काळजी करू नका. फ्लँजवरचे बोल्ट मोजायला पदवी लागत नाही.

भरतीओहोटी

जहाजावरची बाजू मी सांगते. क्रेनच्या आणि केबलच्या जहाजांवर क्लायंटची प्रतिनिधी म्हणून बरीच वर्षं काढली आहेत.

त्या बाईंना हे ऐकायचं होतं: उभ्या जहाजाचा खर्च कुठे जातो ते जहाज *का* उभं आहे त्यावर ठरतं. रोजच्या अहवालात चोवीस तासांचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला कोड असतो. प्रत्यक्ष काम, प्रवास, वेदर, बिघाड, क्लायंटमुळे थांबणं. करारात प्रत्येकाचा दर वेगळा. बिघाडाला बहुधा महिन्याला काही तासांची सवलत असते आणि त्यापुढे दर शून्य. क्लायंटचा मोनोपाइल (टर्बाइनच्या पायाचा मोठा पोलादी खांब) वेळेवर पोहोचला नाही म्हणून जहाज थांबलं तर दर क्लायंटच्या माथी. वेदरचा धोका कुणाकडे, ते करार वाचल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे एकच थांबलेलं जहाज, पण तक्त्यात चार वेगवेगळ्या ओळी, आणि त्यातल्या एकीत तर तुमचा खर्चच नाही.

एक रात्र सांगते. कंत्राटदाराने अहवालात लिहिलं: ०३:४० ते ०९:१०, वेदर. साडेपाच तास. मी त्या रात्री ब्रिजवर होते. ०३:४० ला क्रेनच्या लोड सेलचा (वजन मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल गेला, म्हणून उचल थांबली. त्या उचलीसाठी लाटेची मर्यादा १.५ मीटर ठरलेली होती आणि वेव्ह बॉयच्या (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राच्या) नोंदीत तेव्हा १.३ दिसत होतं. मर्यादा ओलांडली गेली ०५:२० ला. क्रेन दुरुस्त झाली ०७:४५ ला. लाट परत खाली आली ०९:१० ला.

आता ०५:२० ते ०७:४५ या वेळात दोन्ही कारणं होती. क्रेन ठीक असती तरी काम झालं नसतं, आणि समुद्र शांत असता तरी झालं नसतं. हे तास कुणाचे? आमच्या करारात एक ओळ होती की बिघाड चालू असेपर्यंत वेदर मोजायचं नाही. म्हणून ०३:४० ते ०७:४५ बिघाड, ०७:४५ ते ०९:१० वेदर. चार तास पाच मिनिटं त्यांची, एक तास पंचवीस मिनिटं आमची. मी सही करण्याआधी नोंद बदलून घेतली. कंत्राटदाराचा माणूस भला होता, बॉयची नोंद दाखवली तेव्हा वाद घातला नाही.

एकदा अहवालावर सही झाली की तुमच्या ॲक्रुअलचा पाया तोच. सहा महिन्यांनी अंतिम हिशेबाच्या वेळी वकील लावून जे मिळत नाही, ते त्या सकाळी पेनाने मिळतं.

मीठपाणी

भरतीओहोटी ताई, हे मुलाखतीच्या आधी वाचलं असतं तर! मनापासून आभार. लंगरदादा, तुमच्या पिवळ्या चिठ्ठ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

दोन प्रश्न. हे रोजचे अहवाल कॉस्ट ॲनालिस्टने स्वतः वाचायचे असतात का? आणि कंटिंजन्सी, म्हणजे अनपेक्षित खर्चासाठीची राखीव रक्कम, कशी ठरवतात? आमच्याकडे सरसकट दहा टक्के लावतात.

भरतीओहोटी

वाचायचे. रोज. सकाळचं पहिलं काम तेच ठेवा. महिन्याचे तीस अहवाल शेवटच्या दिवशी एकदम वाचून काहीही कळत नाही, आणि तोवर सगळ्यांवर सह्या झालेल्या असतात.

काजवा

मी एस्टिमेटिंगमध्ये आहे, म्हणून कंटिंजन्सीचं मी घेतो.

सरसकट दहा टक्के हे आकड्याला टोपी घालण्यासारखं आहे, आत डोकं केवढं आहे ते न बघता. आधी विचारायचं, एस्टिमेट कुठल्या टप्प्याचं आहे? एएसीई या संस्थेची पाच वर्गांची पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात. पाचवा वर्ग म्हणजे अगदी सुरुवातीचा, कागदावर नुसती कल्पना. प्रक्रिया उद्योगांसाठीच्या त्यांच्या कोष्टकात या वर्गाचा खरा खर्च एस्टिमेटपेक्षा २० ते ५० टक्के खाली किंवा ३० ते १०० टक्के वर जाऊ शकतो असं धरलंय. तिसऱ्या वर्गात, म्हणजे साधारण बजेट मंजूर होतं तेव्हा, तेच १० ते २० टक्के खाली आणि १० ते ३० टक्के वर. बघा, वरची बाजू नेहमी लांब. खर्च कमी व्हायला वाटा मोजक्या असतात, वाढायला पुष्कळ.

मग जोखमींची यादी करून, प्रत्येकीला कमीत कमी, जास्तीत जास्त आणि बहुधा किती असे आकडे देऊन संगणकावर हजारो वेळा फासे टाकतात. त्यातून पी-५० निघतो, म्हणजे निम्म्या वेळा खर्च याच्या आत राहतो. पी-९० म्हणजे दहापैकी नऊ वेळा. गणित सोपं आहे. अवघड आहे ते माणसांकडून प्रामाणिक पल्ला काढून घेणं. इंजिनिअरला विचारलं की मोनोपाइल ठोकायला किती तास, तर तो म्हणतो दहा, फार तर बारा. मी मग विचारतो, "आजवरचा सगळ्यात वाईट कुठला?" आणि गोष्ट बाहेर येते: एका ठिकाणी मध्येच खडक लागला, तीन दिवस गेले. ते तीन दिवस पल्ल्यात यायला हवेत. मी पल्ल्याऐवजी आठवणी विचारायला लागलो तेव्हापासून माझे आकडे सुधारले.

आणि काही घटना कंटिंजन्सीत बसतच नाहीत. २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्लाइपनर-ए प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खोल उतरवत असताना फुटला आणि फ्योर्डच्या तळाशी गेला. आतल्या भिंतींवरचा कातर ताण संगणकी विश्लेषणात ४७ टक्के कमी धरला गेला होता. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. असल्या गोष्टीसाठी विमा असतो. कंटिंजन्सी असते ती खडकासाठी.

सुकाणू

तेल-वायूतून पवनऊर्जेत आलो, दोन्हींतला फरक लिहितो, कारण मीठपाणी यांना पवनऊर्जेत जायचंय.

प्लॅटफॉर्म एकच असतो. तिथे चूक एकदा होते आणि मोठी होते. पवनऊर्जेत छोटी गोष्ट शंभर-दीडशे वेळा होते. ब्रिटनच्या हॉर्नसी-२ प्रकल्पात १६५ टर्बाइन आहेत. तेवढ्या आकाराच्या प्रकल्पावर प्रत्येक पायाला ठरल्यापेक्षा सहाच तास जास्त लागले तर ९९० तास, म्हणजे ४१ दिवस जहाज जास्तीचं. आणि ते ४१ दिवस उन्हाळ्यातून घसरून हिवाळ्यात गेले की वेदर वेगळं. म्हणून पहिले दहा पाये हातात घड्याळ घेऊन बघा. पहिला पाया हळू होणारच. पण पाचव्यापासून दहाव्यापर्यंत वेळ उतरत नसेल तर लगेच फोरकास्ट (लंगर यांचा चौथा रकाना) हलवा, विसाव्याची वाट बघू नका. याच्या उलटही होतं. टीमचा हात बसला की वेळ सरसर खाली येतो, आणि तेव्हा पैसे सुटल्याचंही तितक्याच तत्परतेने सांगायचं.

केबलकडे विशेष लक्ष द्या. एकूण खर्चातला तिचा वाटा बघून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि समुद्रात केबल दुखावली की जोड द्यायला जहाज, जोडणी करणारे कारागीर आणि शांत समुद्र, तिन्ही एकाच वेळी मिळवावे लागतात.

नोकरी टिकण्याबद्दल: चढउतार असतातच. २०१४ च्या मध्यात कच्चं तेल १०० डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली. माझ्या टीममधले अकरापैकी सात जण त्या काळात गेले. पवनऊर्जाही त्यातून सुटलेली नाही. २०२३ च्या जुलैत वाटेनफाल या वीज कंपनीने खर्च ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं सांगून नॉरफोक बोरियास हा पवनऊर्जा प्रकल्प थांबवला. त्याच सप्टेंबरात ब्रिटनच्या वीजभावाच्या पाचव्या सरकारी लिलावात समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. कमाल भाव मेगावॅट-तासाला ४४ पौंड ठेवला होता, पुढच्या फेरीसाठी तो ७३ केला. हे दोन्ही आकडे २०१२ च्या किमतींत आहेत, हे मुद्दाम सांगतो. कुठलाही आकडा हातात आला की आधी विचारायचं, किंमत कुठल्या वर्षाची? दोन वेगळ्या वर्षांचे आकडे एकाच रकान्यात बेरीज केलेले मी मोठ्या प्रकल्पांच्या मंजुरीच्या कागदांत बघितले आहेत.

तरी मला वाटतं, या कामाला मरण नाही. व्हिन्डेबी आठवा. १९९१ ला डेन्मार्कमध्ये उभा राहिलेला समुद्रातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प, ४५० किलोवॅटची ११ टर्बाइन. २०१७ मध्ये तो काढून टाकला. उभारायला हिशेब लागतो तसा काढायलाही लागतो, आणि काढायच्या रांगेत आता खूप काही उभं आहे.

दीपस्तंभाखाली

एका गोष्टीबद्दल इथे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. वाईट आकडा कधी सांगायचा?

एका प्रकल्पावर माझ्या लक्षात आलं की मोठ्या क्रेनचं जहाज ठरलेल्या तारखांना मिळणार नाही. आधीच्या कामावर ते अडकणार होतं, त्यांच्या रोजच्या अहवालांवरून स्पष्ट दिसत होतं. अशी जहाजं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. २०१९ ला कामाला लागलेल्या स्लाइपनिर या जहाजावर दहा-दहा हजार टनांच्या दोन क्रेन आहेत, त्या तोडीचं दुसरं आयत्या वेळी कुठून आणणार? मी फोरकास्टमध्ये वाढ दाखवली. वरिष्ठ म्हणाले, कंत्राटदाराचं अधिकृत पत्र येईपर्यंत थांबा, पुढच्या महिन्यात मंजुरीची बैठक आहे. मी थांबलो. पत्र सात आठवड्यांनी आलं. तोवर पर्यायी जहाजासाठी बोलणी करायची वेळ निघून गेली होती. थांबलो नसतो तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करतो. तेव्हा मला फोरकास्ट म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट वाटायची. माझ्या मते असं थांबणं ही आधी आपली चूक असते, वरिष्ठांची नंतर.

लंगर

तुमचा त्रास समजतो, पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. नवीन माणसावर एवढं ओझं टाकू नका. यासाठी व्यवस्था असते आणि ती वापरायला शिकायचं. ट्रेंड रजिस्टर ठेवा. ज्या दिवशी कुणकुण लागली त्या दिवशी एक ओळ: काय, कुठून कळलं, अंदाजे किती, कधीपर्यंत निर्णय हवा. फोरकास्टचा मुख्य आकडा हलवायचा की नाही ते मॅनेजर ठरवेल, तो त्याचा अधिकार आहे. पण रजिस्टरातली ओळ तुमची. ती दर महिन्याच्या अहवालाला जोडलेली जाते आणि ती खोडायला कुणी सांगू शकत नाही. कुणी सांगितलंच तर ते लेखी मागा.

दीपस्तंभाखाली

रजिस्टर आमच्याकडे होतं. त्यात "निर्णय कधीपर्यंत हवा" हा रकाना नव्हता. तो असता तर बैठकीत कुणीतरी तारीख वाचली असती. मीठपाणी, तो रकाना नसेल तर पहिल्याच आठवड्यात घालून घ्या.

काजवा

+१. फार महत्त्वाचा रकाना.

समुद्रावर जाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, थोडक्यात लिहितो. ॲनालिस्टला सहसा जावं लागत नाही, पण संधी मिळाली तर सोडू नका. त्याआधी प्रशिक्षण लागतं: पवनऊर्जेत जीडब्ल्यूओ या संस्थेचं, दोन वर्षांनी नवं करावं लागतं. तेल-वायूत ओपिटो या संस्थेचं, ते चार वर्षं चालतं. ओपिटोच्या प्रशिक्षणात हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात उलटा करतात आणि त्यातून बाहेर यायचं असतं. मला पोहता येत नव्हतं, तरी जमलं. आणि खर्चाच्या कोडिंगसाठी आयएसओ १९००८ चाळून ठेवा. नॉर्वेच्या जुन्या नॉरसॉक झेड-०१४ या मानकावरून आलेलं आहे. काय बांधलं, कुठल्या टप्प्यात आणि कुठल्या साधनाने, असे तीन वेगळे कोड एकाच खर्चाला लावायचे. हे डोक्यात बसलं की दोन प्रकल्पांची तुलना करता येते, एरवी नुसते ढीग असतात.

मीठपाणी

तिसरी फेरी काल झाली. त्याच बाई होत्या. मी सरळ सांगितलं की मागच्या वेळचं माझं उत्तर अपुरं होतं, आणि जहाज का थांबलं हे आधी विचारलं असतं. त्यांनी एका दिवसाचा खरा अहवाल समोर ठेवला, नावं झाकलेला, आणि म्हणाल्या की यातला ॲक्रुअल काढा. वीस मिनिटं लागली. वेदर आणि बिघाड एकमेकांवर आलेले दोन तास सापडले, आणि करारातलं कलम बघायला मागितलं. आज पत्र आलं, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून रुजू व्हायचंय! सगळ्यांचे खूप खूप आभार, विशेषतः भरतीओहोटी ताईंचे.

एक शंका राहिली. महिनाअखेरीचा कट-ऑफ मध्यरात्रीचा असतो ना? त्या अहवालात चोवीस तास मध्यरात्रीला संपत होते, पण त्या म्हणाल्या की त्यांच्या लेजरशी (खातेवहीशी) ते जुळत नाही.

भरतीओहोटी

अभिनंदन! फार आनंद झाला.

अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात बघा, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलेलं असेल. पुष्कळ जहाजं वेळ यूटीसीत लिहितात आणि लेजर ऑफिसच्या घड्याळावर बंद होतं. मधले तास एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात सरकतात. कुठलं घड्याळ धरायचं ते रुजू झाल्यावर अकाउंट्सकडून लेखी घ्या, आणि पहिल्या महिन्याच्या शेवटच्या रात्रीचा अहवाल दोन्ही घड्याळांनी एकदा स्वतः मांडून बघा. तेव्हा जहाज कामावर असेल तर फरक काही तासांच्या पूर्ण दराचा येईल.